मुंगीच्या आम्लातून हायड्रोजन

(एका विज्ञान व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



१९९६ साली तामिळनाडूतून एक बातमी देशभर पसरली. काही वनस्पती पाण्यात उकळून त्यापासून पेट्रोल तयार करता येते, असा दावा एका व्यक्तीने केला होता. ‘वनौषधी पेट्रोल’ हे नाव घरोघरी पोहोचले. प्रात्यक्षिके झाली, वृत्तपत्रांनी रकाने भरले आणि परदेशी तेलाच्या विळख्यातून देश सुटणार या आशेने सामान्य माणसाचे मन उचंबळून आले. पुढे तपास झाला. ते इंधन म्हणजे पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण असल्याचे उघड झाले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने संबंधितांना शिक्षा सुनावली.

ज्यांनी त्या बातमीवर विश्वास ठेवला, त्यांची देशभक्ती खोटी नव्हती. त्यांच्यापाशी उणीव होती ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे ताळेबंद मांडण्याच्या सवयीची. जळून गेलेल्या लाकडाची राख जशी पुन्हा पेटत नाही, तसे पाणी हे हायड्रोजनचे आधीच जळून झालेले रूप आहे. त्यातून ऊर्जा मिळवायची, तर आधी तेवढीच किंवा अधिक ऊर्जा बाहेरून घालावी लागते. हा एक हिशेब मांडला असता, तर पुढची सारी निराशा टळली असती.

आजचा विषय वरवर पाहता तितकाच अद्भुत वाटेल. पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका द्रवात चिमूटभर काळी भुकटी टाकली, की खोलीच्या तापमानालाच बुडबुडे येऊ लागतात. त्या वायूतील निम्मा भाग हायड्रोजन असतो. त्या हायड्रोजनवर इंधनघट चालतो आणि दिवा लागतो. यात जादू नाही, लबाडी नाही. जपान, चीन, ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनी येथील प्रयोगशाळांनी तपासून पाहिलेले हे रसायनशास्त्र आहे. तो द्रव म्हणजे फॉर्मिक आम्ल आणि ती भुकटी म्हणजे धातूंचे अब्जांश कण. मात्र याही बाबतीत जमा कोणती आणि खर्च कोणता, हे विचारल्यावाचून टाळी वाजवू नये. आजच्या विवेचनाचा हेतू तोच आहे.

साठवणुकीचा पेच

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. वजनाच्या मानाने पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. तो जळला की केवळ पाणी उरते. इतके गुण असताना तो घरोघरी का पोहोचला नाही? कारण तो हाताळणे अवघड आहे. नेहमीच्या दाबाला एक किलो हायड्रोजन ठेवण्यासाठी सुमारे ११ घनमीटर जागा लागते, म्हणजे एखादी छोटी खोली भरून जाईल. तो गाडीत बसवायचा तर वातावरणाच्या ७०० पट दाबाने टाकीत कोंबावा लागतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत आणि दोन्हींत बरीच ऊर्जा खर्ची पडते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. सौर व पवन विजेवर पाण्याचे विघटन करून हा हायड्रोजन मिळवायचा आहे. परंतु कच्छच्या रणात किंवा राजस्थानच्या वाळवंटात तयार झालेला वायू गडचिरोलीच्या रुग्णालयापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उत्पादनाइतकाच मोठा आहे. धान्य पिकवणे हे एक काम आणि ते कोठारात टिकवून दारोदार पोहोचवणे हे दुसरे. फॉर्मिक आम्लाचा विचार या दुसऱ्या कामासाठी होतो. ते ऊर्जेचा उगम नव्हे. ते हायड्रोजन वाहून नेणारी कावड आहे. हा भेद ज्याने ध्यानात ठेवला, तो पुढच्या अर्ध्या गैरसमजांतून मुक्त झाला.

मुंगीपासून कारखान्यापर्यंत

लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. इंग्लंडमधील निसर्गअभ्यासक जॉन रे याने १६७१ मध्ये मोठ्या संख्येने मुंग्या घेऊन त्यांचे ऊर्ध्वपातन केले आणि त्यातून हे आम्ल मिळाल्याची नोंद केली. सर्वच मुंग्यांत ते नसते. परंतु झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत ते भरपूर असते. बस्तरचे वनवासी बांधव याच मुंग्यांची ‘चापडा’ नावाची आंबट चटणी करतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या आंबटपणात मोठा वाटा फॉर्मिक आम्लाचा आहे.

आज हे आम्ल कारखान्यांत तयार होते. केरळमधील लहान रबर उत्पादक झाडाचा चीक गोठवून त्याच्या लाद्या करण्यासाठी ते पातळ करून वापरतात. कातडी कमावण्यासाठी, कापड रंगवण्यासाठी आणि पशुखाद्य टिकवण्यासाठीही ते लागते. भारतात गुजरातमधील भरूच येथे त्याचे उत्पादन होते. म्हणजे हा पदार्थ परका नाही. टँकरने जातो, पिंपात राहतो आणि खोलीच्या तापमानाला द्रव असतो.

त्याचा रेणू अगदी साधा: एक कार्बन, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. वजनाने त्यात ४.४ टक्के हायड्रोजन आहे. आकडा लहान वाटतो. परंतु आम्ल जड असल्यामुळे एका लिटरमध्ये सुमारे ५३ ग्रॅम हायड्रोजन मावतो. ७०० पट दाबाच्या टाकीत लिटरमागे सुमारे ४० ग्रॅमच बसतो. ज्या गोष्टीसाठी तिकडे कार्बनतंतूंची भक्कम टाकी लागते, ती इकडे प्लास्टिकच्या पिंपात होते. या शोधाचे आकर्षण येथे आहे.

दोन वाटा, एकच विवेक

फॉर्मिक आम्लाचा रेणू दोन प्रकारांनी तुटतो. पहिल्या वाटेने गेला तर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. दुसऱ्या वाटेने गेला तर पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. पहिली वाट हवी आहे, दुसरी घातक आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव जो वायू घेतो, तोच हा कार्बन मोनॉक्साइड. रक्तातील हिमोग्लोबिनला तो जसा घट्ट चिकटतो, तसाच तो इंधनघटातील प्लॅटिनमला चिकटतो आणि घट निकामी करतो. वाहनांच्या इंधनघटासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हायड्रोजनच्या एक कोटी रेणूंमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे दोनच रेणू चालतात.

ऊर्जेच्या दृष्टीने दोन्ही वाटा उताराच्याच आहेत. म्हणजे आम्लाला मोकळे सोडले आणि नुसते तापवले, तर ते दोन्हींकडे धावते. नीर आणि क्षीर वेगळे करणाऱ्या हंसाची कल्पना आपल्या साहित्यात आहे. येथे तशाच एका हंसाची गरज असते, जो एक वाट मोकळी करील आणि दुसरी बंद ठेवील. रसायनशास्त्रात त्या हंसाला उत्प्रेरक म्हणतात.

१८२३ मध्ये जर्मनीतील येना येथे डोबरायनर याने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा तो हवेत आपोआप पेटला. प्लॅटिनम मात्र होते तसेच राहिले. १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने अशा क्रियांना सामूहिक नाव दिले. पुष्कळदा उत्प्रेरकाला विरजणाची उपमा दिली जाते. परंतु विरजण दुधात स्वतः वाढते, उत्प्रेरक वाढत नाही. घाटाची उपमा अधिक नेमकी ठरेल. पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्याला डोंगर वळसे घेत ओलांडता येतो किंवा बोगद्यातून जाता येते. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून जितक्या उंचीवर होती तितक्याच उंचीवर राहतात, केवळ मधला चढ कमी होतो. उत्प्रेरक हा असा बोगदा आहे. तो ऊर्जा निर्माण करीत नाही. जी क्रिया मुळातच होऊ शकत नाही, ती तो घडवू शकत नाही. ‘वनौषधी पेट्रोल’च्या वेळी हे एक वाक्य पुरेसे ठरले असते.

कोणता धातू चांगला बोगदा खणतो? १९६० च्या सुमारास डच संशोधक सॅखटलर आणि फारेनफोर्ट यांनी नेमके फॉर्मिक आम्लच घेऊन निरनिराळे धातू तपासले. त्यांच्या आलेखाचा आकार ज्वालामुखीच्या शंकूसारखा आला. एका उतारावर सोने: ते आम्लाला नीट धरतच नाही. दुसऱ्या उतारावर लोह आणि निकेल: ते इतके घट्ट धरतात की सोडत नाहीत. शिखरापाशी प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे धातू: धरतात आणि वेळेवर सोडतातही. संसारातही अतिशय ढिला आणि अतिशय घट्ट असे दोन्ही हात निरुपयोगी असतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अब्जांशाचे सामर्थ्य

पॅलेडियम महाग आहे, म्हणून ते काटकसरीने वापरावे लागते. येथे अब्जांश तंत्राचा प्रवेश होतो. मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एक ग्रॅम पॅलेडियमचा घन केला तर त्याचा सारा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस सेंटिमीटर भरेल. त्याच एका ग्रॅमचे तीन नॅनोमीटर व्यासाचे कण केले तर पृष्ठभाग सुमारे १६५ चौरस मीटर होईल, म्हणजे पावणेदोन हजार चौरस फुटांच्या ऐसपैस सदनिकेएवढा. अशा एका कणात सुमारे हजार अणू असतात आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अणू पृष्ठभागावर कामाला उभे असतात. घनाच्या पोटातील अणू मात्र आयुष्यभर नुसते बसून राहिले असते.

लाभ केवळ काटकसरीचा नाही. कण लहान झाला की त्याचा स्वभावही बदलतो. पिढ्यान्पिढ्या घातलेले मंगळसूत्राचे सोने काळवंडत नाही, कारण सोने सहसा कोणाशी संयोग पावत नाही. परंतु जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की योग्य ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण अतिशय कमी तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवतात. कणांच्या कडा आणि कोपरे यांवरील अणूंना शेजारी कमी असतात, त्यामुळे ते नवागत रेणूचा हात धरण्यास मोकळे असतात.

हे कण तयार करण्याची कृती समजण्यास कठीण नाही. पॅलेडियमचा क्षार पाण्यात विरघळवतात. त्यात सक्रिय कोळसा मिसळतात. घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात असतो तसाच. मग सोडियम बोरोहायड्राइडसारखे क्षपणकारक द्रव्य घातले की धातू क्षारातून मोकळा होतो आणि कोळशाच्या छिद्रांत बारीक कणांच्या रूपाने बसतो. कौशल्य आहे ते सर्व कण सारख्या मापाचे करण्यात आणि ते एकमेकांना चिकटू न देण्यात. तेथे महिनोन्महिने जातात.

सोने आणि चांदीची साथ

नुसते पॅलेडियम आरंभी जोमाने काम करते, मग थकते. क्रियेत चुकून तयार झालेला थोडासा कार्बन मोनॉक्साइडही त्याच्या जागा अडवून बसतो. उपाय सापडला तो मिश्रधातूत. २००८ मध्ये चीनमधील चांगचुन येथील संशोधकांनी पॅलेडियमबरोबर सोने किंवा चांदी मिसळलेले कण कोळशावर बसवले आणि फॉर्मिक आम्लातून चांगल्या प्रतीचा हायड्रोजन मिळवला. त्याच वर्षी जर्मनीतील रॉस्टॉक येथे माथियास बेलर यांच्या गटाने आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गाबोर लॉरेन्सी यांच्या गटाने द्रवात विरघळणारे रुथेनियमचे उत्प्रेरक वापरून तेच साध्य केले. विरघळणारा उत्प्रेरक वेगवान असतो. परंतु तो द्रवातून परत वेगळा काढणे कटकटीचे. कण मात्र गाळून घेता येतात. म्हणूनच पुढील धाव कणांच्या दिशेने झाली.

२०११ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एडमन त्सांग यांच्या गटाने आत चांदीचा गाभा आणि वर पॅलेडियमचे अतिशय पातळ कवच असे कण तयार केले. मिठाईवर वर्ख लावतात ना, तो चांदीचा असतो. येथे चांदी आत आणि वर्ख पॅलेडियमचा. चांदी आपले काही इलेक्ट्रॉन पॅलेडियमकडे सरकवते आणि त्यामुळे आम्ल नेमक्या त्या वाटेने तुटते, जी हवी असते. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन निघाला. त्याच वर्षी जपानमध्ये चियांग शू यांच्या गटाने धातू आणि सेंद्रिय दुवे यांच्या सच्छिद्र सांगाड्यात सोने-पॅलेडियमचे कण बसवले. २०१३ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात शौहेंग सुन यांच्या गटाने सुमारे सव्वादोन नॅनोमीटरचे चांदी-पॅलेडियमचे एकसारखे कण करून ५० अंश तापमानाला आरंभी तासाला उत्प्रेरकाच्या अणूमागे सुमारे ३८० रेणूंचे विघटन साधले.

क्रिया घडते ती अशी. आम्ल पाण्यात आपला एक प्रोटॉन सोडते आणि फॉर्मेट आयन उरतो. तो ऑक्सिजनच्या बाजूने धातूला टेकतो. मग कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि धातूवर उरलेला हायड्रोजन आधी सुटलेल्या प्रोटॉनशी जुळून बाहेर पडतो. कोळशावर नायट्रोजनयुक्त गट बसवले किंवा द्रवात थोडे सोडियम फॉर्मेट घातले, तर प्रोटॉन सुटण्याची पहिली पायरी सोपी होते आणि वेग वाढतो. कण, आधार आणि द्रव ही तिन्ही एकत्र जुळावी लागतात. एकट्या कणाच्या पराक्रमाने कार्यसिद्धी होत नाही.

प्रामाणिक ताळेबंद

सज्जनहो, आता जमाखर्च मांडू.

जमेची पहिली बाजू. शेहेचाळीस ग्रॅम आम्ल, म्हणजे अडीच मोठे चमचे, सुमारे २४ लिटर हायड्रोजन देते. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २३ किलो, म्हणजे जवळजवळ १९ लिटर आम्ल लागते. इंधनघटाची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर त्यातून सुमारे १६ युनिट वीज मिळते; मध्यमवर्गीय घराला तीन-चार दिवस पुरेल इतकी. विघटनाची क्रिया थोडी उष्णता मागते, हायड्रोजनमधील ऊर्जेच्या सुमारे १३ टक्के. परंतु इंधनघट चालताना स्वतः ६० ते ८० अंशांपर्यंत तापतो आणि त्याची वाया जाणारी उष्णता येथे वापरता येते. म्हणूनच कमी तापमानाला काम करणारा उत्प्रेरक मोलाचा ठरतो. अमोनियात वजनाने १७.६ टक्के हायड्रोजन असतो खरा, परंतु तो सोडवण्यास चारशे-पाचशे अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते. ते घराच्या ओसरीवर शक्य नाही.

आता खर्चाची बाजू. लिटरमागे ऊर्जा पाहिली तर फॉर्मिक आम्ल पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्याएवढेच आहे. एक किलो हायड्रोजन सोडताना जवळजवळ २२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू नव्याने जमिनीतून काढलेल्या कोळशा-तेलाचा असेल तर प्रदूषण तेवढेच, किंबहुना अधिक. आज जगातील बहुतेक फॉर्मिक आम्ल कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांपासून होते आणि ती दोन्ही प्रामुख्याने नैसर्गिक वायू वा कोळशातून येतात. म्हणजे आज बाजारातून आम्ल आणून दिवा लावला, तर तो हरित दिवा नव्हे.

हे चक्र पूर्ण केव्हा होते? कारखान्याच्या धुराड्यातील किंवा जैववायू संयंत्रातील कार्बन डायऑक्साइड पकडावा, त्यावर हरित हायड्रोजनची किंवा थेट सौर विजेची क्रिया करून फॉर्मिक आम्ल करावे, ते हवे तेथे न्यावे, हायड्रोजन काढून घ्यावा आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पकडावा. विजेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट करण्यासाठी कथिल आणि बिस्मथ यांचे विद्युदग्र चांगले काम देतात, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. परंतु ही उलटी वाट चढणीची आहे. प्रत्येक फेरीत काही ऊर्जा गळते आणि तिची किंमत मोजावीच लागते.

तिसरा खर्च टिकाऊपणाचा. प्रयोगशाळेत काही तास चालणारा कण यंत्रात वर्षानुवर्षे चालला पाहिजे. आम्लाच्या सान्निध्यात कण हळूहळू एकमेकांना चिकटून मोठे होतात, चांदीसारखा सोबती थोडा थोडा विरघळतो, जागा अडतात. शिवाय तीव्र आम्ल त्वचा भाजते, डोळ्यांना अपाय करते. ते लहान मुलांच्या हाती लागेल असे ठेवता येणार नाही. निघालेल्या वायूत निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो आणि आम्लाची वाफही असते. मानकानुसार तीही हायड्रोजनमध्ये नाममात्रच चालते. म्हणजे शुद्धीकरणाचे साधन जोडावे लागणार.

एवढे असूनही प्रयत्न थांबलेले नाहीत. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये एका बसला छोटी गाडी जोडून तीत फॉर्मिक आम्लापासून हायड्रोजन व त्यापासून वीज निर्माण करणारे यंत्र बसवले. विशीतील मुलांनी हे केले, याची नोंद येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी.

भारताने काय करावे

पॅलेडियम १८०३ मध्ये वुलस्टनने जगापुढे आणले. आज जगातील खाणींतून निघणाऱ्या पॅलेडियमचा फार मोठा हिस्सा केवळ रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांतून येतो. भारताच्या खाणींतून ते जवळजवळ मिळतच नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आज बाहेरून येते. उद्या तेलाची बेडी काढून पॅलेडियमची बेडी घातली, तर धातू बदलला एवढेच म्हणावे लागेल. हा धोका ओळखून आजच तीन गोष्टी करता येतात.

पहिली: जे आहे ते जपणे. पेट्रोल मोटारीच्या धूरनळीत बसवलेल्या शुद्धीकरण साधनात पॅलेडियम असते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांमुळे असा धातू देशाच्या रस्त्यांवर लाखो वाहनांतून फिरतो आहे. जुनी गाडी भंगारात जाताना तो काढून घेण्याची शिस्तबद्ध व्यवस्था ही एक प्रकारची खाणच आहे, आणि ती आपल्या भूमीवर आहे.

दुसरी: कमी धातूत अधिक काम आणि शक्य तेथे स्वस्त धातू. बेलर यांच्याच गटाने २०११ मध्ये लोहाचा विरघळणारा उत्प्रेरक यशस्वी करून दाखवला. निकेल आणि कोबाल्टचे साधे कण आम्लात विरघळतात, ही अडचण आहे. त्यांना कार्बनच्या कवचात सुरक्षित ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे क्षेत्र अजून मोकळे आहे. येथे उशीर झालेला नाही.

तिसरी: योग्य जागी योग्य साधन. प्रवासी मोटारीसाठी विद्युत्घट, मोठ्या जहाजी वाहतुकीसाठी अमोनिया, आणि जेथे थोडी पण खात्रीची वीज शांतपणे हवी तेथे फॉर्मिक आम्ल, अशी विभागणी तर्काला धरून होईल. दुर्गम भागातील आरोग्य केंद्रातील लसींचे शीतपेटे, दूरसंचार मनोरे, हिमालयातील चौक्या येथे आज डिझेल जनित्रे धडधडतात. मात्र फॉर्मिक आम्ल सुमारे आठ अंशांना गोठते, म्हणून हिमालयात ते पाणी मिसळून किंवा ऊब देऊन वापरावे लागेल, हेही विसरता येणार नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत आहे आणि उत्प्रेरकांचे शास्त्र हे तिचे परंपरागत बलस्थान. ऑगस्ट २०२२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली स्वदेशी हायड्रोजन इंधनघट बस पुण्यातच देशासमोर आली. घट आपल्याकडे बनू शकतो, हे त्यातून दिसले. त्या घटाला निर्मळ हायड्रोजन पाजणारी कावड बनवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

त्यासाठी आई-वडिलांनी एक गोष्ट मनावर घेतली पाहिजे. मुलगा किंवा मुलगी रसायनशास्त्रात संशोधन करू इच्छिते म्हटल्यावर घरात जी चिंतेची शांतता पसरते, ती थोडी कमी व्हावी. सोने-पॅलेडियमच्या कणांवर काम करणाऱ्याला पाच-सहा वर्षे एकाच प्रश्नाशी झुंजावे लागते. शंभर नमुने करावे, नव्वद टाकून द्यावे आणि उरलेल्या दहांचे मापन पुन्हा पुन्हा करावे. ही तपश्चर्याच आहे. तिला प्रसिद्धीचा झगमगाट लाभत नाही, घरचा पाठिंबा मात्र लाभू शकतो.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक विनंती. गावात, शाखेत, संस्थेत कोणी नव्या इंधनाची वार्ता आणली, तर आनंदाने ऐकावी आणि नम्रतेने पाच प्रश्न विचारावेत. ऊर्जा मुळात आली कोठून? एका किलोमागे किंवा लिटरमागे ती किती? उरणारा पदार्थ कोणता आणि तो जातो कोठे? साधन किती तास, किती वेळा चालले? आणि दुसऱ्या, अनोळखी प्रयोगशाळेने ते पडताळले काय? फॉर्मिक आम्लातील हायड्रोजन यांपैकी शेवटच्या प्रश्नाला आज खणखणीत उत्तर देतो, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला अर्धे उत्तर देतो, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर सौर विजेच्या दराकडे बोट दाखवते. जे अर्धे राहिले आहे ते पूर्ण करण्याचे काम प्रयोगशाळांत चालू आहे, आणि त्या प्रयोगशाळांत भारतीय तरुणांना जागा आहे.